बाग आजारी पडते ती रोपवाटिकेत

फळझाडात एकदा विषाणू शिरला की त्याला बाहेर काढणारं औषध जगात कुठेच मिळत नाही. बुरशीवर बुरशीनाशक आहे, किडीवर कीटकनाशक आहे, जस्त-लोह कमी पडलं तर तेही देता येतं. विषाणू मात्र झाडाच्याच पेशीत, पेशीच्याच यंत्रणेवर वाढतो. त्याला मारायला जावं तर आधी झाड मरतं. ‘व्हायरसवर खात्रीशीर’ म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात, त्यांतल्या काही फार तर विषाणू वाहून आणणाऱ्या माव्यावर किंवा पांढऱ्या माशीवर चालतात आणि उरलेल्या झाडाला चार दिवस टवटवी देतात. शेतकऱ्याचा पैसा दोन्हींत सारखाच जातो. हे एकदा नीट मान्य केलं, की फळबाग कुठे आणि केव्हा वाचवायची या प्रश्नाचं उत्तरच बदलतं. बागेत लक्षणं दिसल्यावर जे करायचं ते उशिराचं असतं. खरं काम त्याआधी कैक वर्षं, रोपवाटिकेत, किंबहुना ज्या झाडावरून डोळा काढला त्या झाडापाशीच व्हायला हवं होतं.

बियाण्यावर येणाऱ्या पिकांना निसर्गाने एक सवलत दिली आहे. बहुतेक वनस्पती-विषाणू बियांतून पुढच्या पिढीत उतरत नाहीत, त्यामुळे दर हंगामाला बरीचशी कोरी सुरुवात होते. फळझाडांना ही सवलत क्वचितच मिळते. हापूसची कोय पेरून हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम बांधतो, डोळा भरतो, गुटी बांधतो, केळीचे मुनवे काढतो. या प्रत्येक पद्धतीत नवं झाड म्हणजे आईच्या झाडाचा जिवंत तुकडा असतो. तिची गोडी जशी उतरते तसा तिच्या अंगातला रोगही उतरतो, आणि एका मातृवृक्षावरून शेकड्यांनी डोळे निघत असतील तर तो शेकडो बागांत एकदम जातो. इतक्या कार्यक्षमतेने रोग पसरवणं कोणत्याही किडीला जमलेलं नाही.

लिंबूवर्गीय फळांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या एका मुद्द्यावर अख्खा वाचता येतो. १९३० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधली संत्र्या-मोसंबीची झाडं उभ्या उभ्या सुकू लागली. तिथे जवळपास सगळी लागवड आंबट संत्र्याच्या खुंटावर होती. मूळकुजीला टिकतो म्हणून हा खुंट जगभर नावाजलेला होता. पण बाहेरून आणलेल्या झाडांबरोबर ट्रिस्टेझा नावाचा विषाणू आला होता, आणि त्याला पसरवणारा तपकिरी मावाही तिथे मुक्कामी होता. हा विषाणू डोळा आणि खुंट जिथे जुळतात त्याच्या खालच्या अन्नवाहिन्या मारतो. पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं उपाशी मरतात, मग झाड जातं. मावा हा वाहक आहे हे ब्राझीलमध्ये १९४६ साली सिद्ध झालं, तोवर बागा संपल्या होत्या. जगभरात या एका विषाणूने सुमारे १० कोटी झाडं घेतली असा अंदाज मांडला जातो.

विदर्भातल्या संत्र्यावर असा घाला का आला नाही? ट्रिस्टेझा आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. आपला संत्रा जंबेरीच्या खुंटावर वाढतो आणि जंबेरी या विषाणूला दाद देत नाही, एवढंच. झाडात विषाणू असतो, झाड हिरवंगार दिसतं, फळंही देतं. त्याच्या शेजारी बियांपासून वाढवलेलं कागदी लिंबाचं झाड असेल तर चित्र उलटं. कागदी लिंबू या विषाणूला इतकं हळवं आहे की जगभरच्या प्रयोगशाळांत ते त्याची ओळख पटवण्यासाठी वापरलं जातं. संशयित झाडाचा डोळा लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि नवी पानं उजेडासमोर धरायची. शिरांवर तुटक पारदर्शक रेषा दिसल्या की समजायचं. मोठ्या झाडाची साल सोलली तर आतल्या लाकडावर खड्डे दिसतात. म्हणून संत्र्याच्या जुन्या बागेला लागून लिंबाची नवी लागवड करताना दहादा विचार करावा. संत्र्याचं निरोगी दिसणं ही लिंबाच्या सुरक्षिततेची हमी नाही.

जंबेरीने आपल्याला ट्रिस्टेझापासून वाचवलं, पण तिच्याच मुळांवर दुसरा शत्रू पोसला गेला. फायटोप्थोरा ही बुरशीसारखी जीवजात पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते. साचलेलं पाणी, भारी काळी जमीन आणि मोकाट सिंचन हे तिचं माहेर. डिंक्या, मूळकूज, पायकूज अशा नावांनी शेतकरी तिला ओळखतात, आणि जंबेरी तिला चटकन बळी पडते. वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट हा पट्टा संत्र्याच्या पन्हेरीसाठी प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या डोळा भरण्याचं कसब हाताशी असलेली माणसं तिथे आहेत, आणि त्यांच्या बोटांची सफाई पाहण्यासारखी असते. पण पन्हेरी जमिनीत, त्याच त्या वाफ्यांत, वर्षानुवर्षं घेतली जाते आणि आजूबाजूला जुन्या बागा असतात. रोप उपटलं की मुळांबरोबर माती जाते आणि मातीबरोबर फायटोप्थोरा. शेतकरी ते रोप ज्या जमिनीत लावतो तिथे संत्रा पूर्वी कधीच नव्हता, तरी चौथ्या-पाचव्या वर्षी बुंध्यातून डिंक गळायला लागतो. मग बोर्डो मलम, आळ्यात औषधांची आळवणी, आणि पानगळ. यातलं बरंचसं टाळता येतं. वाफ्यांवर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापवायची, रोपं निर्जंतुक मिश्रणाच्या पिशव्यांत आणि जमिनीपासून उंच मांडवावर वाढवायची, डोळा मातीपासून वीतभर तरी वर भरायचा आणि लावताना तो मातीखाली जाऊ द्यायचा नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेने ही पद्धत बसवून दाखवली आहे. ती सगळीकडे का पोचली नाही, त्याकडे पुढे येतो.

लिंबूवर्गीयांवरचं सर्वांत मोठं संकट मात्र ग्रीनिंग. या रोगाची एक महत्त्वाची कडी पुण्यात सापडली, आणि मराठी वाचकांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातील विषाणू संशोधन केंद्रात कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखवून दिलं, की भारतात हा रोग सिट्रस सायला ही इवलीशी कीड पसरवते. सायला आपल्याला अनोळखी नव्हती. पंजाबात हुसेन आणि नाथ यांनी १९२७ मध्येच तिच्यावर सविस्तर लिहिलं होतं. पण ती केवळ रस शोषून नुकसान करत नाही, एका झाडाचा रोग दुसऱ्यात पेरते, हे पुण्यात ठरलं. त्या काळी रोगाचं कारण विषाणू समजलं जाई. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की हा अन्नवाहिन्यांत राहणारा जिवाणू आहे. व्यवहारात त्याने फारसा फरक पडत नाही, कारण वागणूक विषाणूसारखीच: डोळ्यातून जातो, किडीतून जातो, आणि आत शिरलेला कायमचा घालवता येत नाही.

फ्लोरिडात काय झालं ते पाहावं. १९९८ मध्ये तिथे सायला आढळली आणि २००५ मध्ये ग्रीनिंग. मधली सात वर्षं सायला राज्यभर फिरत होती, आणि तिचं एक मोठं वाहन होतं कुंतीची रोपं. होय, आपण कुंपणाला लावतो तीच पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती. दक्षिणेतल्या नर्सऱ्यांतून ती शोभेसाठी दुकानोदुकानी पाठवली गेली आणि पानांवरची सायला तिच्यासोबत गेली. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात २४ कोटींहून अधिक पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा १ कोटी ८० लाखांच्या आसपास आला. मधल्या चक्रीवादळांनीही हातभार लावला, पण पाया खचवला तो ग्रीनिंगने. पैसा, विद्यापीठं, यंत्रं, विमानातून फवारणी हे सगळं ज्या राज्याकडे होतं तिथे हे घडलं. २००८ पासून तिथे सगळी लिंबूवर्गीय रोपं जाळीच्या आतच तयार करण्याची सक्ती झाली. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने हीच सक्ती २००३ मध्येच केली होती, तीही वेगळ्याच एका रोगामुळे. ग्रीनिंग तिथे २००४ मध्ये आलं तेव्हा निदान रोपवाटिका तरी बंदिस्त होत्या. साओ पाउलोतही रोग आहे आणि झाडं उपटावी लागतात, तरी तो पट्टा आजही जगाला संत्र्याचा रस पुरवतो. कायदा वेळेवर केल्याचा हा थेट लाभ मी मानतो.

ग्रीनिंगचं झाड ओळखणं अवघड जातं, कारण पानांचा पिवळेपणा जस्ताच्या कमतरतेसारखा भासतो आणि शेतकरी दोन वर्षं जस्ताच्या फवारण्या करत राहतो. एक खूण उपयोगी आहे. जस्त कमी असलं तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा साधारण सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये तो विस्कळीत असतो, एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. एखादीच फांदी आधी पिवळी पडते, फळं लहान आणि वाकडी राहतात. मोसंबीला हा रोग फार लवकर लोळवतो. खात्री हवी तर प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीच करावी लागते, आणि लक्षणं दिसण्याआधी झाड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रोग बाळगून असतं. म्हणूनच डोळ्यांनी पाहून ‘चांगली’ ठरवलेली मातृझाडं भरवशाची नसतात.

सायलाशी लढताना वेळ सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. ती अंडी फक्त कोवळ्या नवतीवर घालते. आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांच्या नवतीला, कोंब बोटभर व्हायच्या आत, लक्ष ठेवलं आणि गरज असली तर फवारलं, तर पिढी तुटते. पानं जून झाल्यावरच्या फवारणीने मित्रकीटक तेवढे मरतात. सायलाच्या पिल्लांवर जगणारी तामारिक्सिया नावाची गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी आपल्याच भागातली आहे. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९२२ मध्ये अविभाजित पंजाबातल्या लायलपूरच्या नमुन्यांवरून झालं. १९७८ मध्ये ती भारतातून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली गेली आणि तिथे तिने सायलाला जवळपास आवरलं. ज्या देशाने जगाला ही माशी दिली त्या देशातल्या बागांत दर पंधरा दिवसांनी नाव बदलून कीटकनाशक मारलं जातं आणि तीच आधी मरते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता केळी. इथे प्रश्न शेजाऱ्याचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९१३ च्या सुमारास फिजीतून आलेल्या मुनव्यांबरोबर पर्णगुच्छ रोग आला. पानं आखूड, उभी, शेंड्याशी झुबक्यात दाटलेली, आणि घड नाही. १९२५ पर्यंत रोगट भागातली केळी जवळपास नव्वद टक्के उठली होती. मॅगी नावाच्या तरुण संशोधकाने शोधून काढलं की रोग काळ्या माव्यातून आणि मुनव्यांतून पसरतो, माती किंवा हवामानाचा त्यात हात नाही. उपाय त्याने फवारणीत शोधला नाही. प्रत्येक बागेची नोंदणी, निरीक्षकांची नियमित फेरी, रोगट खुंट सापडला की आधी मावा मारायचा आणि मग कंदासकट झाड नष्ट करायचं, नवे कंद मंजूर बागेतूनच आणायचे, आणि हे न करणाऱ्यावर कारवाई. काही वर्षांत केळी परत उभी राहिली आणि ती यंत्रणा पुढे दशकानुदशकं चालू राहिली. विषाणूशास्त्राच्या इतिहासात औषधाशिवाय, प्रतिकारक वाणाशिवाय, निव्वळ शिस्तीने जिंकलेली लढाई म्हणून मला ही सर्वांत मोठी वाटते. भारतात हाच रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात उतरला; तामिळनाडूतल्या पळणी टेकड्यांवरची प्रसिद्ध विरुपाक्षी केळी त्यामुळे बरीचशी आटली.

जळगावचा रोग वेगळा: काकडीवरचा मोझॅक विषाणू, ज्याला रावेर-यावलकडे हरण्या म्हणतात. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत, ढगाळ आणि रिपरिपीच्या दिवसांत, कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उठतात, पोंगा सडतो आणि झाड वाया जातं. ‘टिश्यू कल्चरची रोपं घेतली होती, मग रोग कसा आला?’ हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. टिश्यू कल्चरचं रोप स्वच्छ असू शकतं, पण ते रोगाला प्रतिकारक नसतं. उलट त्याची पानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत इतकी कोवळी असतात की माव्याला ती आवडतात. बांधाला काकडी, भोपळा, दोडका असेल, तणं माजली असतील, तर विषाणू तिथे तयारच असतो. स्वच्छ रोपं आणून भोवती वेलवर्गीय भाज्या ठेवणं म्हणजे भरलेल्या हौदाची तोटी उघडी ठेवण्यासारखं आहे. रोगट रोप पहिल्या आठवड्यात उपटून पुरायचं, पुन्हा नांग्या भरायच्या, आणि हे साऱ्या शिवाराने एकाच वेळी करायचं. एकट्याने केलेली स्वच्छता शेजारच्या बागेतला मावा दोन दिवसांत निकालात काढतो.

आणखी एक गोष्ट. टिश्यू कल्चर म्हणजे आपोआप रोगमुक्त, हा समज चुकीचा आहे. ज्या कंदापासून प्रयोगशाळेत वाढ सुरू केली तो रोगट असेल तर काचेच्या बाटलीत रोगाचीच हजारो रोपं होतात. केळीतला एक विषाणू तर काही वाणांच्या जनुकांतच दडलेला असतो आणि टिश्यू कल्चरच्या ताणाने जागा होऊ शकतो. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था चालवली आहे. कंपनीच्या छापील पत्रकापेक्षा त्या प्रमाणपत्राची बॅच क्रमांकासह प्रत मागावी. आणि प्रयोगशाळेनंतर जिथे रोपं महिना-दीड महिना कणखर केली जातात ती जागा स्वतः जाऊन पाहावी. पुष्कळ ठिकाणी तिथे नुसतं हिरवं शेडनेट असतं. शेडनेट ऊन अडवतं, मावा अडवत नाही. त्यासाठी चाळीस मेशची कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार लागतं.

पपईत फवारणीची मर्यादा सगळ्यात उघडी पडते. रिंगस्पॉट विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकावर बसून येतो. माव्याने पानाला चव घेण्यापुरती सोंड टोचली की काही सेकंदांत काम झालं. कीटकनाशकाने तो मावा अर्ध्या तासाने मेला तरी उपयोग काय? उलट काही औषधांनी तो अस्वस्थ होऊन जास्त झाडांवर उड्या मारतो. म्हणून नंदुरबार-शहाद्याकडचे जाणते बागायतदार कडेने मका-ज्वारीच्या दाट ओळी लावतात. बाहेरून आलेला मावा आधी त्यांच्यावर उतरतो, तिथे टोचून पाहतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. रोपं जाळीत वाढवणं, माव्याचा जोर असेल तो काळ लागवडीला टाळणं, पहिली रोगट झाडं निर्दयपणे काढणं, एवढंच हाती आहे. हवाईत १९९२ साली हा रोग मुख्य पपई पट्ट्यात घुसला तेव्हा डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्याच आवरणाचं जनुक घालून रेनबो ही जात तयार केली. ती १९९८ मध्ये शेतात गेली आणि तिथला धंदा वाचला. पण ते संरक्षण तिथल्या विषाणूपुरतं होतं, ते उचलून खानदेशात आणता येत नाही, आणि जनुकीय बदल केलेल्या पपईला आपल्याकडे परवानगीही नाही.

डाळिंबाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगोल्यापासून मालेगावपर्यंत प्रत्येक घराला पाठ आहे. तेल्या या जिवाणूजन्य रोगाची भारतातली पहिली नोंद १९५२ ची. महाराष्ट्रात त्याने खरा कहर केला तो २००० नंतर, भगवा जातीची मागणी वाढली आणि दिसेल त्या झाडावर गुट्या बांधल्या गेल्या तेव्हा. जिवाणू फांदीच्या सालीत आणि डोळ्यांत गप्प बसतो. उन्हाळ्यात झाड स्वच्छ दिसतं, गुटी निघते, ट्रकने राजस्थानपर्यंत जाते, आणि पहिल्या दमट पावसात फळांवर तेलकट डाग फुटतात. मर रोगही असाच रोपाच्या मुळांतून प्रवास करतो. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने टिश्यू कल्चरच्या रोपांवर भर दिला तो यामुळेच.

किडींच्या बाबतीत एक आशादायी उदाहरण आठवतं. मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला दिसला आणि दोन वर्षांत दक्षिण भारतातल्या पपई, तुती, टॅपिओकावर पांढरा थर चढला. शेतकरी फवारून थकले, कारण या ढेकणाच्या मेणचट कापसाखाली औषध पोचतच नाही. २०१० मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी पोर्टो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू असलेल्या तीन जातींच्या बारीक माश्या आणल्या आणि त्यांतल्या एकीने काही महिन्यांत हा ढेकूण नियंत्रणात आणला. दर हंगामाला नवा खर्च नाही, फळात औषधाचा अंश नाही. कीड परदेशातून येताना आपला शत्रू मागे सोडून येते. तो शत्रू शोधून आणणं हा सरकारी खर्चातला सर्वांत किफायतशीर खर्च आहे, आणि त्यासाठी कीटक ओळखणारे वर्गीकरणतज्ज्ञ लागतात. कृषी महाविद्यालयांत या विषयाकडे वळणारी मुलं कमी होत आहेत, ही काळजीची गोष्ट आहे.

विषाणू लागलेलं जुनं, उत्तम वाण कायमचं गेलं असं मात्र नाही. शेंड्याचा अगदी टोकाचा, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढा ठिपका बहुधा विषाणूमुक्त असतो. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी अशा टोकापासून डेलियाची निरोगी रोपं मिळवली. लिंबूवर्गीयांत त्या टोकाचं निर्जंतुक रोपावर सूक्ष्म कलम करण्याची पद्धत १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया आणि स्पेनमध्ये बसली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात लुईस नवारो यांनी याच पायावर देशाच्या सगळ्या वाणांची धुलाई केली. आज तिथल्या कोट्यवधी झाडांचे डोळे त्या स्वच्छ संग्रहातून आले आहेत. हे तंत्र नागपुरातही आहे. आपल्याकडे अडतं ते तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून पन्हेरीवाल्याच्या चाकूपर्यंत जाण्याच्या वाटेवर.

कायदा आपल्याकडे जुनाच आहे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा १९६९ चा. परवाना हवा, खुंट आणि डोळा कुठून आणला याची नोंद हवी. तो विषाणू-चाचणीचा काळ नव्हता आणि आज तपासणी करणाऱ्या कृषी अधिकाऱ्याकडे रोपं पाहण्यासाठी डोळ्यांपलीकडे साधन नसतं. विद्यापीठांच्या रोपवाटिका चांगल्या आहेत, पण मृगाआधी त्यांच्या दाराशी जी रांग लागते तिच्या मानाने रोपं थोडी. उरलेली गरज खासगी पन्हेरी भागवते, आणि पन्हेरीवाल्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. जाळीघर, निर्जंतुक माध्यम, पिशव्या, चाचण्या यांनी रोपाची किंमत वाढते. गिऱ्हाईक दोन पैसे स्वस्त रोप घेऊन पुढे जातं. बागेसाठी लाखांचं ठिबक बसवणारा माणूस रोपाच्या भावात घासाघीस करतो आणि पुढची वीस वर्षं त्या घासाघिशीचं व्याज भरतो. स्वच्छ रोपाची किंमत बाजाराच्या भरवशावर सोडता येणार नाही, निदान पहिली दहा वर्षं तरी नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने क्लीन प्लँट प्रोग्रॅमला मंजुरी दिली. तरतूद १,७६५ कोटी रुपयांहून थोडी अधिक. देशात नऊ स्वच्छ रोप केंद्रं, आणि त्यांतली तीन महाराष्ट्रात: द्राक्षासाठी पुणे, संत्रा-मोसंबीसाठी नागपूर, डाळिंबासाठी सोलापूर. आपल्या राज्याच्या फळबागांच्या दृष्टीने गेल्या अनेक वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे असं मी मानतो. केंद्रं निदान करतील, वाण स्वच्छ करतील, मातृवृक्ष जाळीत सांभाळतील. पण पुढची कडी निसटली तर सगळं वाया जाईल. शेंदूरजनाघाटच्या पन्हेरीवाल्याला चाचणी केलेले डोळे दर हंगामाला, वेळेवर, परवडणाऱ्या दरात मिळाले पाहिजेत. त्याच्या जाळीघराला अनुदान हवं आणि ते उभं राहिल्यावर दोन वर्षांनी जाळी फाटली आहे का हे पाहायला कोणी गेलं पाहिजे. प्रत्येक रोपाला बिल्ला हवा, ज्यावरून मातृवृक्षापर्यंत मागे जाता येईल.

आणि भरपाई हवी. अमेरिकेत प्लम पॉक्स हा आलुबुखार-पीचचा विषाणू १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला. बागा उपटल्या गेल्या, मालकांना पैसे मिळाले, पाहणी चालू राहिली, आणि २०१९ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. वीस वर्षं लागली. रोगट झाड काढायला सांगायचं आणि हाती काही ठेवायचं नाही, असं केलं तर शेतकरी झाड झाकून ठेवील, आणि त्याने दुसरं काय करावं हे मला सांगता येणार नाही. त्याच्या घरात वर्षभराचं उत्पन्न त्या झाडावर लटकलेलं असतं.

नागपुरात आज एखादं झाड शेंड्याच्या कलमाने स्वच्छ केलं तर त्याच्या चाचण्या, मग जाळीतला मातृवृक्ष, मग डोळे, मग दीड-दोन वर्षांची पन्हेरी, मग बागेत फळ धरेपर्यंतची पाच वर्षं, असा हिशेब दहा वर्षांच्या आसपास जातो. तोवर शेतकरी थांबणार नाही, तो याच जूनमध्ये रोपं घेणार आहे. त्याने निदान एवढं करावं: पिशवीतली रोपं घ्यावी, दोन-चार पिशव्या उलट्या करून मुळं पाहावी, पांढरी आहेत की काळपट, डोळा किती उंचीवर भरला ते बघावं, पानांवर नाग अळीच्या चंदेरी रेषा आणि लिंबाच्या रोपांवर खैऱ्याचे खरबरीत ठिपके आहेत का ते तपासावं, मातृझाडं कुठे आहेत, दाखवता का, असं विचारावं आणि दाखवली नाहीत तर पुढच्या रोपवाटिकेत जावं. पावतीवर वाण, खुंट आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावा. बाल्कनीत कढीपत्ता किंवा कुंतीची कुंडी ठेवणाऱ्या शहरातल्या माणसानेही नवी कुंडी तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवावी आणि कोवळी पानं उलटून पाहावी, कारण सायलाला शेत आणि गच्ची यांत फरक कळत नाही. रोपवाटिकांतून मात्र कुंती, कढीपत्ता आणि संत्र्याची कलमं एकाच छपराखाली ठेवण्यावर राज्याने आजच बंदी घालावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.